इथे खंबीर राहण्याची सक्ती नाही

एका बाईंचं चांगलं चाललेलं काम मी बंद पाडलं. त्यासाठी मला आरडाओरडा करावा लागला नाही की खोटे कागद करावे लागले नाहीत. चौघांच्या बैठकीत, चहा पिता पिता, मी एक वाक्य बोललो आणि तेवढं पुरलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी बाईंच्या गमती सांगायला लागलो की वाचणाऱ्याला वाटेल, हा त्यांचा जुना चाहता दिसतो. चाहता वगैरे मी तेव्हा नव्हतो. मी त्यांचा चिटणीस होतो.

गिरगावात आमच्या ज्ञातीचा एक धर्मादाय दवाखाना आहे. आमची घराणी या शहरात किती पिढ्या आहेत हे आम्ही नव्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत सांगतो. कधीकाळी वाड्या होत्या, मग कारकुनी आली, आता घरोघरी वकील, डॉक्टर आणि सीए आहेत. पणजोबांच्या पिढीने काढलेला तो दवाखाना आम्ही चौघं चालवतो. अध्यक्ष म्हणजे माझ्या आईचे मावसभाऊ, निवृत्त सॉलिसिटर, आम्ही सगळे त्यांना अप्पामामा म्हणतो. एक खजिनदार, एक डॉक्टरीणबाई आणि मानद चिटणीस मी. खाली रक्तदाब, मधुमेह, खोकला. वरच्या मजल्यावरची खोली रिकामी होती, तिथे काही वर्षांपूर्वी बाई आल्या.

बाई साठीच्या पुढच्या. जवळपास सगळी नोकरी महापालिकेच्या एका रुग्णालयात समाजसेविका म्हणून केलेली. ठेंगण्या, आणि साडीखाली कायम पांढरे कॅनव्हासचे बूट. मंगळवारी आणि शुक्रवारी भोईवाड्याहून बसने यायच्या, खांद्याला भाजीची पिशवी. ज्यांचं माणूस गेलंय, ज्यांना मोठा आजार निघालाय, जे नोकरीतून उठून घरात बसलेत आणि काय करावं ते सुचत नाही, अशी माणसं त्यांच्याकडे यायची. थेरपी हा शब्द त्या वापरत नसत. म्हणायच्या, "मी बसते माणसांबरोबर." डिग्री होती त्यांच्याकडे, चांगली दोन वर्षांची. त्याबद्दल विचारलं तर म्हणाल्या, "डिग्रीने नोकरी दिली हो. बसायला वॉर्डाने शिकवलं."

पहिल्याच आठवड्यात त्यांनी एका पुठ्ठ्यावर जाड मार्करने लिहून दारावर चिकटवलं: इथे खंबीर राहण्याची सक्ती नाही.

मी म्हटलं, "बाई, हे काय?"

"मराठी आहे."

"तसं नाही, पण लोकांना वाटेल आपण त्यांना मुद्दाम रडवतो."

"रडले तर तुमचं काय जातं, चिटणीस? लादी पुसायला मी आहे."

त्या मला कधी नावाने हाक मारत नसत. चिटणीस म्हणायच्या, आणि तो शब्द असा उच्चारायच्या की आपण काहीतरी लपवतोय असं वाटावं. बहुतेक वेळा मी लपवतच असायचो.

भाजीचं सांगायला हवं. येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात त्या काहीतरी निवडायला देत. हात रिकामे असले की माणूस समोरच्याचा चेहरा वाचत बसतो आणि त्याला बरं वाटेल तेवढंच बोलतो, असं त्यांचं म्हणणं. नुकतंच कुणी गेलेल्यांना मटार. म्हातारपणाच्या, सुनेच्या, मुलाच्या तक्रारी असल्या की मेथी. आणि ज्यांच्या तोंडातून शब्दच फुटत नाही त्यांना लसूण, कारण लसणाला वेळ लागतो आणि नखं दुखतात. कांदा कधीच नाही. "कांदा दिला की सगळं श्रेय कांद्याला जातं." संध्याकाळी ती निवडलेली भाजी पिशवीत भरून त्या घरी न्यायच्या आणि रांधायच्या. खाली भेटल्या की पिशवी जराशी उचलून दाखवत. "आज दोन जुड्या मेथी निघाली बघा. सोसायटीतली म्हातारी माणसं फार वैतागलीत."

खजिनदार हसायचे. "आपण खोली समुपदेशनाला दिलीय की भाजी निवडायला?" मीही हसायचो. चहाचा कप त्या घरून आणायच्या, हातरुमालात गुंडाळून. निळ्या फुलांचा, कान तुटलेला. त्यालाही आम्ही हसायचो. विक्षिप्त माणूस जवळ असलं की बाकीच्यांची हसण्याची सोय होते.

एकदा तिशीतली एक मुलगी आली होती, नवरा ऑफिसात बसल्या जागी गेलेला. बरोबर दीर. मुलगी गप्प आणि सगळं बोलणं दिराचं. विम्याचं झालं, शाळेच्या फीचं झालं, मग तो तिच्याकडे वळून म्हणाला, "वहिनी, आता मुलीसाठी खंबीर व्हायला पाहिजे."

बाई उठल्या. "दारावरचं वाचलंत?"

"हो."

"मोठ्याने वाचा."

त्याने वाचलं. चांगला बँकेतला माणूस, टाय लावलेला.

"आता खाली जा. कोपऱ्यावर भाजीची गाडी असेल. किलोभर मटार आणा. एकेक शेंग बघून घ्या, घाई नाही."

तो वीसेक मिनिटांनी परत आला तेव्हा खोलीतून त्या मुलीचा आवाज येत होता. रडणं म्हणता येणार नाही त्याला, ती नवऱ्याला शिव्या देत होती. बाईंनी दिराला आत घेतलं नाही. जिन्यातल्या बाकावर बसवलं, पुढ्यात पातेलं ठेवलं आणि म्हणाल्या, "तुमचा भाऊ होता ना?" विजेचं बिल घेऊन मी वर चढत होतो. टाय लावलेला तो माणूस मटार सोलत होता आणि त्याचं तोंड ओलं होतं. त्या क्षणी माझ्या मनात काय आलं? जिन्यातून जाणारे येणारे काय म्हणतील, हे. एवढंच आलं. मी बाईंना दुसऱ्या दिवशी सांगितलंसुद्धा, की पेशंटच्या नातेवाइकांना जिन्यात बसवू नका.

बाईंना राग फार यायचा, आणि तो राग समोरच्या दुःखी माणसावर कधी नसे. त्याच्या भोवतालच्यांवर असे. भेटायला आलेले काय काय बोलले हे त्या मुद्दाम विचारून घ्यायच्या आणि मग आमच्यासमोर भडकायच्या. "वय झालं होतं म्हणे. पन्नास वर्षं शेजारी झोपलेलं माणूस गेलं, आणि हे वय सांगतात." "सुटले म्हणे. कोण सुटलं? हे भेटायला आलेले सुटले." फोनवर एकाखाली एक येणारे जोडलेले हात दाखवून म्हणायच्या, "एकाने मरायचं, आणि दोनशे जणांनी अंगठ्याने नमस्कार करायचा."

लालबागचा एक निवृत्त कंडक्टर यायचा. बायको गेल्यावर त्याला घरात चहापत्तीचा डबा सापडेना, इथून सुरुवात होती. बाईंनी त्याला थर्मास घेऊन यायला सांगितलं. दर मंगळवारी तो स्वतः केलेला चहा आणायचा, त्या एक घोट घेऊन म्हणायच्या, "भयंकर आहे. शुक्रवारी परत आणा." चार महिन्यांनी एकदा म्हणाल्या, "आज पिण्यासारखा आहे," आणि तो माणूस खाली येऊन आमच्या कंपाउंडरलाही चहा देऊन गेला.

भोवतालच्या माणसांवरच्या रागाच्या भरात त्या एकदा माझ्याजवळ बोलल्या होत्या. ते बोलणं मी नीट देतो, कारण पुढे मी त्याचंच वाटोळं केलं.

"तुमची माणसं दहाव्याला बाणगंगेवर उभी राहतात ना, चिटणीस, मी पाहिलंय. आमच्यात ते नाही, पण वॉर्डातल्या कितीतरी पेशंटच्या घरच्यांबरोबर मी गेलेय. लांब उभी राहते. पिंडासमोर हात जोडून एकेक जण अंदाज करतो. धाकटीचं लग्न करून देऊ. घर विकणार नाही. भावाशी बोलू. आणि कावळा तिकडे तोंड करून बसलेला. मला इतका राग येतो तेव्हा. कावळ्याचा नाही हो. ते माणूस आठ महिने खाटेवर होतं. शुद्धीत होतं. मराठी बोलत होतं. एकाने तरी जवळ बसून विचारावं की नाही, तुमचं काय राहिलंय?"

म्हणून त्या विचारायच्या. मोठं आजारपण घेऊन आलेल्या प्रत्येकाला, सरळ, भाजी निवडता निवडता. "तुमचं काय राहिलंय?" उत्तरं लहान असायची. एकाला आपली नगरपालिकेची शाळा बघायची होती. एकीला चोरून विकलेल्या पाटल्यांचं बहिणीला सांगायचं होतं. मग बाई घरच्यांच्या मागे लागून ते करून घ्यायच्या.

आता माझं.

आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. पोटात दुखतं म्हणून तपासण्या केल्या आणि डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं. मी बाहेर आलो तो आईला काही सांगायचं नाही हे ठरवूनच. कुणी विचारलं नव्हतं, कुणी सुचवलं नव्हतं. आमच्याकडे हे असंच करतात, आणि सगळ्या नातेवाइकांनी माझं कौतुक केलं. अप्पामामा म्हणाले, "शहाणा आहेस. खचेल ती." परळच्या ज्या रुग्णालयात तिला न्यायला हवं होतं तिथे मी तिला नेलं नाही, कारण त्या गेटावरची पाटी वाचली की माणसाला सगळं कळतं. मी तिला लांबच्या एका नर्सिंग होममध्ये नेलं, जिथल्या पाटीवर काही लिहिलेलं नव्हतं. औषधांच्या पट्ट्यांमधून गोळ्या काढून मी त्या जीवनसत्त्वाच्या जुन्या बाटलीत भरायचो. गॅसचा त्रास आहे, असं सांगायचो. पाच महिने.

एका मंगळवारी ती रक्तदाब तपासायला दवाखान्यात आली आणि वरून कुणाचा तरी हसण्याचा आवाज ऐकून जिना चढून गेली. मेथी निवडणं चाललं होतं. आई दारातूनच म्हणाली, "अहो, देठं एवढाली ठेवतात का?" बाईंनी स्टूल पुढे सरकवलं. त्यानंतर आईचा मंगळवार आणि शुक्रवार ठरून गेला. ती बाईंना आमच्या पद्धतीचं कोलंबीचं भुजणं शिकवायला लागली. घरी येऊन सांगायची, "अरे, त्या बाई भुजण्यात नारळ घालतात. कितीदा सांगितलं, लसूण, मिरची, कोथिंबीर, हळद आणि तेल, बस. ऐकतच नाहीत." सांगताना हसायची. वडील गेल्यापासून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं, आणि मी खूश होतो.

मग एका शुक्रवारी बाईंनी मला जिन्यात गाठलं.

"चिटणीस, आईंना माहीत आहे."

"कुणी सांगितलं?"

"त्यांच्या पोटाने. आणखी कुणी सांगायला पाहिजे?"

"बाई, प्लीज, तुम्ही त्यांच्याशी काही बोलू नका."

"मी बोलत नाहीये. तुम्ही बोला. पुढच्या शुक्रवारच्या आत. त्यांनी मला विचारलं तर मी खोटं सांगणार नाही. हे आत्ताच सांगून ठेवते, मागाहून म्हणू नका."

मी मान हलवली. शुक्रवार आला आणि गेला. मी आईला काही सांगितलं नाही. रोज संध्याकाळी तिच्या खोलीच्या दारापर्यंत जायचो आणि टीव्हीचा आवाज कमी करू का, असं विचारून परत यायचो.

त्यानंतरच्या मंगळवारी जेवताना आईने ती बाटली माझ्या ताटाशेजारी ठेवली. "यातल्या गोळ्या आता आपापल्या पाकिटात ठेव. नाव वाचायला चष्मा आहे माझ्याकडे."

मी बाटलीचं झाकण घट्ट करायला लागलो.

"बाईंवर ओरडू नकोस," ती म्हणाली. "मी विचारलं. दोनदा विचारलं. पहिल्यांदा त्या म्हणाल्या, मुलाला विचारा. मी म्हटलं, त्याला विचारलं तर तो रडेल."

खरं तर तिथेच सगळं सुटलं होतं. मी फक्त रडायला हवं होतं. मला राग आला. पाच महिने मी इतक्या काळजीने सांभाळलेलं खोटं एका बाहेरच्या बाईने मेथी निवडता निवडता संपवलं, याचा राग. माझ्या आईने तिला विचारलं आणि मला विचारलं नाही, याचा राग. हा दुसरा राग मी स्वतःपासूनही लपवला.

त्या शनिवारी बैठक होती. चौघंही हजर. चिनीमातीच्या कपांतून चहा आला. मी म्हणालो की बाई पेशंटना त्यांच्या मरणाबद्दल सांगतात. आपल्या दहाव्याची, पिंडाची टिंगल करतात. मग अगदी सौम्य आवाजात म्हणालो, "शेवटी काय आहे, त्यांना आपल्या घरांच्या रीती कळायच्या नाहीत."

आपल्या म्हणजे कुणाच्या, हे कुणीही विचारलं नाही. बाई भोईवाड्याच्या चाळीत वाढलेल्या, गिरणी कामगाराची मुलगी, बौद्ध. हे सगळ्यांना माहीत होतं आणि इतकी वर्षं कुणी ते तोंडाने उच्चारलं नव्हतं. आम्ही सभ्य माणसं आहोत. आमच्यात असं काही नसतं, हे आम्ही मुलांनाही सांगतो. खजिनदार म्हणाले, "मला पहिल्यापासून वाटतच होतं." अप्पामामा म्हणाले, "नाही, बाई चांगल्या आहेत, पण प्रत्येकाचे संस्कार वेगळे." डॉक्टरीणबाई हातातल्या बिस्किटाकडे बघत राहिल्या आणि बाहेर पडताना मला म्हणाल्या, "जरा घाई झाली का?" त्यांनी हे आत म्हणायला हवं होतं. पण त्यांना नावं ठेवायचा मला काय अधिकार?

इतिवृत्त मीच लिहितो. मी लिहिलं, जागेअभावी समुपदेशन कक्ष बंद करण्याचे सर्वानुमते ठरले. तेच पत्र बाईंना पाठवलं. दारावरचा पुठ्ठा मी माझ्या हाताने काढला. त्या खोलीत आता व्यायामाची एक सायकल आहे, तिच्यावर कुणी बसत नाही. दारावर चिकटपट्टीचा चौकोन अजून दिसतो.

शुक्रवारी आई जिना चढून गेली आणि परत आली. "बाई नाहीत?"

"गावाला गेल्यात."

"त्यांचं गाव भोईवाडा," आई म्हणाली. माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "बरं."

त्यानंतर ती सात आठवडे होती. त्या सात आठवड्यांत तिने मला आजाराबद्दल एकही प्रश्न विचारला नाही, आणि स्वतःबद्दल काही सांगितलंही नाही. ज्यांच्याशी बोलत होती त्यांना मी घालवलं होतं, आणि माझ्यावर तिचा विश्वास उरला नव्हता. एकदाच, दुपारी, उशी नीट करताना म्हणाली, "बाईंना एकदा बोलाव ना. त्या भुजण्यात नारळ घालतात. शेजारी उभं राहून दाखवायचं राहिलंय."

मी म्हटलं, "बोलावतो."

माझ्या बायकोने ते ऐकलं होतं. तिने दोनदा आठवण केली. फोन नंबर माझ्याकडे होता. मी फोन केला नाही.

दहाव्याला आम्ही बाणगंगेवर होतो. मी, बायको, चुलतभाऊ, अप्पामामा. कावळे होते, भिंतीवर चांगले पाच सहा होते. पिंडाला एकही शिवेना. अप्पामामा शेजारून सुचवत होते. "नातीचं लग्न म्हण." मी म्हटलं. "देव्हाऱ्याचं म्हण." म्हटलं. "तिच्या भाच्याकडे येणंजाणं ठेवू म्हण." तेही म्हटलं. बायको माझ्या कानाशी हळूच म्हणाली, "अहो, बाईंचं सांगा ना."

कावळ्याला काही कळतं असं मी मानत नाही. तेव्हाही मानत नव्हतो. पण मला कळत होतं. तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांत मी एकटाच असा होतो ज्याला अंदाज करायची गरज नव्हती. आईने मला तिच्या तोंडाने सांगितलं होतं. आणि अप्पामामा हाताच्या अंतरावर उभे आहेत, त्यांच्यासमोर त्या बाईंचं नाव कसं घ्यायचं, म्हणून मी हात जोडून गप्प राहिलो. अर्ध्या तासाने गुरुजींनी घड्याळ बघितलं, दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला टेकवला. "झालं," अप्पामामा म्हणाले. सगळे पाय धुवायला गेले.

भोईवाड्याला जायला मला त्यानंतर आठ महिने लागले. बाईंची चाळ जाऊन तिथे टॉवर झालाय, त्या अकराव्या मजल्यावर राहतात. दार उघडंच होतं. बाहेरच्या खोलीत दोन बायका चवळीच्या शेंगा मोडत होत्या, एक डोळे पुसत होती. म्हणजे बसणं चालू होतं, फक्त आमच्याकडे नव्हतं. बाईंनी त्यांना आतल्या खोलीत पाठवलं.

"बसा, चिटणीस. लिफ्ट चालू होती का?"

चहा आला. त्यांनी स्वतः जो कप उचलला तो स्टीलचा होता, मला दिला तसाच. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "तुमचा तो निळ्या फुलांचा कप कुठे गेला?"

"घरात कशाला लागतोय तो?" त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे आल्या आल्या खजिनदारांनी आडनाव विचारलं. दुसऱ्या दिवसापासून माझा चहा कागदी कपात. तुम्हा सगळ्यांना चिनीमातीचे. मग मी आपला माझा आणायला लागले. का, तुमच्या लक्षात नव्हतं आलं?"

आलं होतं. मी तो कागदी कप बघितला होता, आणि कपबश्या कमी असतील असं स्वतःला सांगितलं होतं.

मी म्हटलं, "बाई, मी माफी मागायला आलोय. मी बैठकीत तुमच्याबद्दल वाईट बोललो."

"वाईट म्हणजे काय?"

मी चहाचा घोट घेतला.

"बोललात तर बोललात. शब्द काय होते?"

मी ते वाक्य म्हणून दाखवलं. त्या लसूण सोलत होत्या, सोलतच राहिल्या.

"मग हे मला का सांगताय? मला तर तुम्ही कधी काही बोलला नाहीत. तोंडावर नेहमी बाई, बाई. ज्यांच्यासमोर बोललात ते तिथे मजेत बसलेत, आणि मी इथे तुमची माफी ऐकून घ्यायची? मी ठेवू कुठे ती? त्याच टेबलाशी जाऊन बोला. 'जागेअभावी' असं पत्र आहे माझ्याकडे. माझं जाऊ द्या, मी इथे बसते. पण तो लालबागचा कंडक्टर दोन मंगळवार थर्मास घेऊन तुमच्या बंद दारासमोर उभा होता. त्याला एकाने तरी सांगायचं होतं, की बाई कुठे गेल्या. तुमच्या कंपाउंडरने त्याला सांगितलं, माहीत नाही."

त्यांचा आवाज चढला होता. आतल्या बायका बोलायच्या थांबल्या. मला बरं वाटलं, खरंच सांगतो. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच माझ्यावर कुणीतरी योग्य कारणासाठी ओरडत होतं.

मग त्यांनी विचारलं, "आईंचं काय राहिलं होतं?"

"तुम्हाला भेटायचं. भुजण्यात नारळ घालायचा नाही, ते शेजारी उभं राहून दाखवायचं होतं."

त्यांचा हात थांबला. त्या खिडकीकडे बघायला लागल्या.

"मला माहीत होतं नारळ नसतो ते," त्या म्हणाल्या. "मी घालतही नव्हते. घातला म्हणून सांगायचे. त्या चिडायच्या ना, म्हणून."

त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि लसणाची टोपली माझ्या पुढ्यात सरकवली. मी दोन गड्डे सोलले. नखं दुखली.

निघताना मी म्हटलं, "खोली परत सुरू करायचा ठराव मांडतो."

"मी येणार नाही," त्या म्हणाल्या. "ठराव नको. जे बोललात ते परत घ्या."

पुढच्या महिन्यात बैठक झाली. तेच टेबल, तेच तिघं. गेल्या इतिवृत्तावर सह्या करायच्या आधी मी म्हटलं, मला एक सांगायचंय. खजिनदारांना वाटलं पाणीपट्टीचं असेल. दोन वाक्यांनंतर अप्पामामा म्हणाले, "अरे, हे घरातलं बोलणं झालं. इतिवृत्तात घेऊ नकोस." मी म्हटलं, "मामा, इतिवृत्त मी लिहितो. खोटं मीच लिहिलं होतं, आता हे मीच लिहिणार." डॉक्टरीणबाईंनी बिस्कीट खाली ठेवलं. मग मी जे बोललो ते त्या संध्याकाळी वहीत जसंच्या तसं लिहिलं, आणि एक प्रत भोईवाड्याला पाठवली. ते असं:

"समुपदेशन कक्ष जागेअभावी बंद झाला नाही. तो मी बंद करवला. बाईंना आपल्या घरांच्या रीती कळायच्या नाहीत, असं मी इथे म्हणालो होतो. मला म्हणायचं होतं की त्यांची जात आपली नाही. तुम्हाला तिघांनाही ते तेव्हाच कळलं होतं, म्हणून कुणी अर्थ विचारला नाही. पहिल्या आठवड्यापासून त्यांना चहा कागदी कपात दिला गेला, तेही मी बघितलं होतं. बाईंनी पिंडाची टिंगल केली नव्हती. माणूस जिवंत असताना त्याला विचारा, एवढंच त्या म्हणाल्या होत्या. माझ्या आईने त्यांना खरं काय ते विचारलं आणि त्यांनी सांगितलं. ते सांगणं माझं काम होतं, मी केलं नाही, आणि त्याची शिक्षा मी त्यांना दिली. शेवटच्या दिवसांत आईला बाईंना भेटायचं होतं. मी भेटू दिलं नाही. दहाव्याला मामा, तुम्ही शेजारी उभे होतात म्हणून मी हे बोललो नाही. आज बोलतो. मी बाईंची माफी मागतो. दारावर दोन मंगळवार उभ्या राहिलेल्या त्या गृहस्थांची मागतो. आणि आईची मागतो, तिला ती आता ऐकू येणार नाही हे मला माहीत असूनही."